मालाचा मूळ देश

दुसरा फटका बसला तेव्हा मालिनीबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होत्या. पहिला ऐकून त्यांनी कुणी गठ्ठा आपटला असेल, अशी स्वतःची समजूत घातली होती. दुसऱ्यापाठोपाठ माणसाचा आवाज आला आणि त्या धावत सुटल्या.

अर्धवट ओढलेल्या शटरखालून वाकून त्या कारखान्यात शिरल्या. जीन्सच्या ढिगांमध्ये कापडं कापायचं लांब टेबल होतं. टेबलावर कारागीर राजूचा डावा हात पसरलेला होता आणि दोन कामगार तो मनगटाशी दाबून धरून उभे होते. दोघेही भिंतीकडे बघत होते. मालक विनीत, जेमतेम सत्तावीस वर्षांचा, त्याच्या हातात कापड मोजायची लोखंडी पट्टी होती.

"विनीत, थांब!"

त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिसरा फटका बोटांवर बसला. पापड मोडावा तसा लहानसा आवाज झाला. राजूच्या तोंडातून नुसता श्वास बाहेर पडला, आणि त्यानंतर तो ओरडला. मालिनीबाईंनी पट्टीला हात घातला. विनीतने हिसडा दिला, तशा त्या मागे शिलाई मशीनवर आदळल्या आणि त्यांचं कोपर फुटलं.

"मॅडम, तुम्ही वर जा," विनीत धापा टाकत म्हणाला. "हे आमच्या घरातलं मॅटर आहे. तुमच्याशी माझं कायच भांडण नाय."

भांडण नव्हतं, हे खरंच होतं. सकाळपासून तो वरच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसून वहीत टिपून घेत होता. मुंबईच्या एका संशोधन संस्थेने उल्हासनगरच्या कॅम्प चार या वस्तीतल्या जीन्सवाल्यांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं, त्याचा आज शेवटचा दिवस. विषय होता, निर्यातीच्या मालाचा मूळ देश कसा ठरवतात. मालिनीबाई त्या संस्थेतल्या जुन्या प्राध्यापक. परदेशी गिऱ्हाईक हल्ली प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट असल्याशिवाय ऑर्डर देत नव्हतं, म्हणून हॉल भरला होता.

जेवणाआधी बाईंनी पडद्यावर एक फोटो दाखवला. बाहेरच्या देशातून शिवून आलेल्या पँटचं लेबल उसवून त्या जागी 'भारतात बनवलेले' असं लेबल लावणारे दोन हात. फोटो त्यांनीच वर्षापूर्वी एका रविवारी, मालक नसताना, खालच्या कारखान्यात काढला होता. तेव्हा राजूने संमतीच्या फॉर्मवर सही करताना विचारलं होतं, "तोंड नाय ना येणार, मॅडम?" त्यांनी शब्द दिला आणि पाळलाही. चेहरा पुसला, कारखान्याचं नाव पुसलं, माणसाला नुसता नंबर दिला. संस्थेच्या समितीने त्याबद्दल शाबासकीही दिली. चेहरा गेला की माणूस सुरक्षित झाला, असं तिथे सगळेच मानतात.

कारखान्यात मात्र कोण कुणाच्या तोंडाकडे बघतो? दिवसभर माना खाली आणि नजर समोरच्या हातावर. राजूच्या डाव्या अंगठ्यातून कधीकाळी मशीनची सुई आरपार गेली होती. तेव्हापासून ते नख मधोमध दुभंगूनच वाढायचं. पडद्यावर ते थाळीएवढं दिसत होतं. बाईंनी तो फोटो शंभरदा पाहिला असेल, पण दरवेळी लेबल पाहिलं.

"मॅडम, ह्यो फोटो कुठला?" विनीतने अगदी अदबीने हात वर करून विचारलं होतं.

"नाव नाही सांगता येणार," बाई हसून म्हणाल्या होत्या. "पण लांबचा नाही हं. तुमच्याच कॅम्पातला आहे." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. एवढ्या शिकल्यासवरलेल्या बाईला ती झाकून ठेवता आली नाही. जेवणानंतर विनीतची खुर्ची रिकामी दिसली, तेव्हा कुठे त्या जिन्याकडे निघाल्या होत्या.

आता विनीतने पट्टी टेबलावर ठेवली. कोपऱ्यातल्या पिंपातून पाणी घेऊन त्याने हात धुतले, मनगटापर्यंत.

"सर्टिफिकेट चार वाजता ना, मॅडम?"

"तुला मिळणार नाही," मालिनीबाई म्हणाल्या. "तू माणूस नाहीस. तुला मी सर्टिफिकेट देणार नाही, आणि पोलिसांनाही बोलावणार आहे."

विनीतने बाईंकडे पाहिलंही नाही. तो राजूकडे बघत राहिला, चांगला मोजून घेतल्यासारखा. मग शटर वर ढकलून दोघा कामगारांना घेऊन बाहेर पडला.

राजू टेबलाखाली बसला होता. त्याची चार बोटं नको तिकडे वळली होती. बाईंनी टेबलावरच्या कापडाच्या तुकड्यात तो हात गुंडाळला, तसं त्याने दातांनी स्वतःचा खांदा चावला. त्यांनी फोन काढला, तेव्हा त्याने उजव्या हाताने तो खाली दाबला.

"पोलीस नको."

"मी साक्ष देईन, राजू. डोळ्यांनी पाहिलंय मी."

"मग लेबलाचं पण निघंल. ते काम कोणी केलं? मीच ना? फोटो आहे तुमच्याकडं." त्याने डोळे मिटले. "आणि त्याला ते सर्टिफिकेट देऊन टाका."

"काय बोलतोयस तू?"

"नाय दिलं तर तो तुम्हाला कायच करणार नाय. तुम्ही पाचला बदलापूरला घरी जाल. मी इथं बुवापाड्यात ऱ्हातो, मॅडम, त्याला माझी खोली ठावं आहे." त्याने उजवा हात पोटाशी घेतला. "हा एक धड आहे अजून. त्याच्यावर चार माणसं जेवतात. तेवढा ऱ्हाऊ द्या."

मालिनीबाईंना तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं. माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं, पण ते शब्द त्याच्या काय कामाचे होते? त्यांचा सहकारी अवधूत खाली आला. त्यांनी त्याच्यासोबत राजूला रिक्षात घालून दवाखान्यात पाठवलं आणि त्या जिना चढून वर गेल्या.

उरलेलं सत्र त्यांनी घेतलं. कोपराचं रक्त कुणाला दिसू नये म्हणून पदर पुढून घेतला आणि तासभर नियम समजावले. विनीत शर्ट बदलून पहिल्या रांगेत येऊन बसला होता. त्याने दोन प्रश्नही विचारले, आणि दोन्ही चांगले होते.

चार वाजता नावं पुकारली गेली. विनीतच्या नावाला त्यांनी कागद उचलला. पुढचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. कागद द्यायचा, त्याच्याकडे बघायचं नाही, एक अक्षर बोलायचं नाही. तेवढीच काय ती शिक्षा त्यांच्या हातात उरली होती.

पण विनीत चांगल्या घरचा, वळण लावलेला मुलगा. त्याने सर्टिफिकेट घेतलं, कपाळाला लावलं आणि सगळ्यांसमोर वाकून बाईंच्या पायांना हात लावला.

तीस वर्षं पोरांना शिकवलेल्या हाताला काही सांगावं लागलं नाही. तो आपोआप त्याच्या डोक्यावर टेकला, आणि हॉलमध्ये टाळ्या वाजत असताना तोंडून निघूनही गेलं, "मोठा हो, बाळा."