मधमाशीला डोळे किती?

“आठ! कोळ्याला आठ पाय!” विनिफ्रेड खुर्चीतूनच ओरडली. टीव्हीवरच्या निवेदकाने तेच उत्तर बरोबर ठरवलं, तेव्हा तिने सगळ्यांकडे अशा तोऱ्यात पाहिलं, की जणू बक्षिसाचा टोस्टर तिलाच मिळाला.

दुपारचे तीन वाजून गेले होते. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या त्या वृद्धांच्या सदनिकांमध्ये तळमजल्यावर सगळ्यांचा मिळून एक दिवाणखाना होता. जुने कार्यक्रम दाखवणारी वाहिनी सुरू झाल्यापासून या वेळेला तिथे खुर्ची मिळायची मारामार. आज ‘घंटेच्या आत’ हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम लागला होता. चमचमते पडदे, निवेदकाचा जांभळा कोट, लुकलुकणाऱ्या दिव्यांचा गुणफलक. एके काळी गुरुवारी संध्याकाळी साडेसातला अर्धा देश हा कार्यक्रम बघायचा.

“टोस्टर मिळाला तरी माणसं रडायची तेव्हा,” आर्नल्ड म्हणाला. “आता लाखो पौंड जिंकतात आणि तोंडं बघा त्यांची!”

“गप्प बस, शेवटचा प्रश्न आहे.”

तपकिरी सुटातला एक माणूस दिव्याखाली उभा होता. उंच, हाडकुळा, चाळिशीचा. हिलरी बूथरॉइडने हातातला कप खाली ठेवला. तिला उठून जायचं होतं, पण ती बसून राहिली.

“कॅनडाच्या सहलीसाठी, क्लिफर्ड,” निवेदक म्हणाला. “मधमाशीला डोळे किती?”

“पाच,” तो माणूस म्हणाला.

टीव्हीतले प्रेक्षक खो खो हसले. दिवाणखान्यातलेही हसले. निवेदकाने भुवया उंचावून कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहिलं. तिथे मोठा चष्मा लावलेली एक तरुण बाई बसली होती. तिने पुढ्यातलं कार्ड पाहिलं, क्षणभर थांबली आणि नकारार्थी मान हलवली. भोंगा वाजला.

“पाच डोळे! बिच्चारा!” विनिफ्रेड डोळे पुसत म्हणाली. मग एकदम वळली. “अगं हिलरी, ती टेबलावरची तूच ना गं? काय रुबाब होता तुझा!”

“मीच,” हिलरी म्हणाली. “आणि त्याचं बरोबर होतं.”

“काय?”

“मधमाशीला पाचच डोळे असतात. दोन मोठे, तीन बारीक.”

“असू दे की,” विनिफ्रेड म्हणाली. “कोण मोजायला बसलंय!” आणि ती पुढच्या जाहिरातीकडे वळली.

हिलरी तेव्हा छत्तीस वर्षांची होती. ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात नोकरी, घरी आजारी आई, आणि लग्नाचं वय निघून गेलं असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. प्रश्न तपासण्यासाठी तिला या कार्यक्रमावर बोलावलं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या चेहऱ्याला पावडर लावली. महिन्यातून दोन दिवस चित्रीकरण असायचं. रस्त्यात लोक ओळखायचे. खाटीकसुद्धा “काय बाई, आज आम्हाला पास की नापास?” म्हणून मटणाचा चांगला तुकडा काढून द्यायचा. निर्णय तिचा. तिने मान हलवली की संपलं.

त्या दिवशी मधमाशीचं कार्ड दुसऱ्या कुणीतरी, बहुधा मुलांच्या पुस्तकावरून, लिहिलेलं होतं. त्यावर ‘दोन’ लिहिलं होतं. ‘पाच’ ऐकल्यावर तिला शंका आली होती. कारण तो माणूस हसत नव्हता. पण प्रेक्षक हसत होते, दिवे डोळ्यांवर होते, आणि थांबा, मला बघू द्या, असं म्हणण्याची तिची हिंमत झाली नाही.

चौथ्या दिवशी, सोमवारी, ग्रंथालयात गेल्या गेल्या तिने कीटकांवरचा जाड ग्रंथ काढला आणि उभ्या उभ्याच वाचला. मग निर्मात्याला, रॉडरिक पेनला, फोन केला.

“हिलरी, हा गमतीचा कार्यक्रम आहे, परीक्षा नव्हे,” तो म्हणाला. “इतका हशा आम्हाला वर्षभरात मिळाला नव्हता. तो भाग असाच जाणार.”

“पण त्या माणसाची सहल गेली.”

“आणि पुढच्या वर्षी तू या टेबलावर असशील की नाही, याचाही विचार कर.”

तिने केला. कार्यक्रम तसाच दाखवला गेला. तीन आठवड्यांनी बार्न्सलीच्या पलीकडच्या एका खाणीच्या गावातून पत्र आलं. क्लिफर्ड सगडेन. खाणीतल्या पंपांवर काम करत होता, घरामागे मधमाश्यांच्या पेट्या ठेवत होता. रागाचा एक शब्द नव्हता. ‘आपणास माहीत नसावे म्हणून कळवतो,’ असं लिहून त्याने पेन्सिलीने मधमाशीच्या डोक्याचं सुबक चित्र काढलं होतं आणि पाचही डोळ्यांना क्रमांक दिले होते. उत्तर काय लिहायचं ते वरून आलं, तिने ते टाइप केलं. ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.’ खाली सही तिचीच होती.

पुढे आणखी चार वर्षं ती त्या टेबलावर बसली. कार्यक्रम बंद झाला, आई गेली, ग्रंथालयातून निवृत्ती झाली. सदतीस वर्षं ते पत्र तिच्या कपाटात राहिलं.

टीव्हीवर तो भाग बघितल्यानंतरच्या बुधवारी हिलरी बाहेर पडली. दोन बस बदलाव्या लागल्या. खाण कधीच बंद झाली होती, तिच्या जागी गोदामं उभी होती. पण गल्ली होती, घराचा क्रमांकही तोच होता. दार उघडणारा माणूस अजून उंच होता, फक्त खांद्यांतून वाकला होता.

“सगडेनसाहेब, मी हिलरी बूथरॉइड. तुम्ही मला ओळखणार नाही. मी ‘घंटेच्या आत’मध्ये—”

“टेबलावरची बाई,” तो म्हणाला. त्याने दार पूर्ण उघडलं. “वारा झोंबतोय. आत या.”

स्वयंपाकघर लहान आणि लख्ख होतं. त्याने न विचारता किटली ठेवली. बसमध्ये दोन तास घोकलेलं वाक्य हिलरीने एका दमात म्हणून टाकलं. उत्तर बरोबर होतं, ते मला चौथ्या दिवशी समजलं होतं, तुमचं पत्र आलं तेव्हा माहीत असूनही मी त्या कागदावर सही केली.

क्लिफर्डने पाठ वळवलेलीच ठेवली. किटली उकळून बंद झाली तरी तो हलला नाही.

“चौथ्या दिवशी,” तो म्हणाला.

“हो.”

“मला वाटायचं, तुम्हाला कळलंच नसेल. इतकी वर्षं मी म्हणत आलो, त्या बाईची चूक नाही, तिला कार्डावर तसं दिलं असेल.” त्याने चहा ओतला. “कळलं होतं तर.”

हिलरीला खुर्चीत बसवेना आणि उठवेना.

“साखर?”

“नको.”

तो समोर बसला. “कॅनडा नोरीनसाठी होतं. माझ्या बायकोसाठी. तिची धाकटी बहीण तिकडे लग्न करून गेली होती. अकरा वर्षं भेट नव्हती. नाहीतर मी कशाला जातो अशा तमाशात! माझं तर पंपाच्या आवाजाखेरीज कुणाशी बोलणं नव्हतं.” त्याने तिचा कप पुढे सरकवला. “परत येताना बसमध्ये नोरीन म्हणाली, ‘दोन म्हणायला काय झालं होतं रे तुला? शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कशाला शहाणपणा करायला गेलास?’”

“तुम्ही त्यांना पुस्तक दाखवलं नाही?”

“दाखवलं की. ती म्हणाली, पुस्तकात काहीही छापतात. टीव्हीवाल्यांनी काय न बघता सांगितलं असेल? त्यांच्याकडे शिकलेली माणसं असतात.” त्याने हिलरीकडे पाहिलं नाही. “मग तुमचं पत्र आलं. ते तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं.”

बाहेर कुणीतरी कचऱ्याचा डबा ओढत नेला.

“बहिणीची भेट झाली पुढे?”

“एक्याण्णव साली वारली ती. तिकडेच. खाणीतल्या संपाच्या वर्षानंतर आमच्याकडे तिकिटाचं नावच नव्हतं.” तो चहा ढवळत राहिला. “नोरीन वाईट नव्हती हो. तसं समजू नका. एकदा बोलली ते बोलली. पण त्यानंतर मी काही सांगितलं, की ती दुसऱ्या कुणाला तरी विचारून घ्यायची. छप्पर कधी गळेल, गाडीचा आवाज कसला आहे. माझ्यादेखत शेजाऱ्याला विचारायची. हळूहळू मीच सांगायचं सोडलं. मधमाश्यांच्या पेट्याही देऊन टाकल्या. पोरं कुंपणावरून ओरडायची ना, पाच डोळे, पाच डोळे.”

“नोरीनबाई आहेत का घरात?” हिलरीने विचारलं. खरं तर भिंतीवरच्या खुंटीला एकच कोट दिसत होता.

“तिला जाऊन तीन वर्षं होतील नाताळात.”

हिलरीने तोंडावर हात ठेवला. तीन वर्षांपूर्वी ती दर बुधवारी मोकळीच असायची. याच दोन बस याच रस्त्याने तेव्हाही धावत होत्या.

“मला माफ करा असं म्हणायला तोंड नाही माझ्याकडे,” ती म्हणाली. “पण काही करता येत असेल तर सांगा. मी त्या वाहिनीला लिहीन. वर्तमानपत्राला लिहीन.”

“वर्तमानपत्राला! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला पुन्हा ‘पाच डोळे’ करता का?” तो पहिल्यांदाच हसल्यासारखा झाला.  कपाच्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला. “एक करा. ग्लेनिसला सांगा. माझ्या मुलीला. अकरा वर्षांची होती तेव्हा. शाळेतून रडत यायची.”

हिलरी काही म्हणायच्या आत त्याने भिंतीवरच्या फोनवरून नंबर फिरवला आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. स्वतः दाराशी जाऊन उभा राहिला.

हिलरीने सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी वाक्यं घोकलेली नव्हती, म्हणून ती तुटत होती. 

“तुम्ही ग्रंथालयात होतात म्हणता,” ग्लेनिस म्हणाली. तिचा आवाज शांत होता. “मग तुम्हाला पत्ता शोधणं अवघड नव्हतं.”

“नाही. पत्ता माझ्याकडेच होता.”

“आई शेवटचे चार महिने घरीच होती. खिडकीपाशी. तुम्ही तेव्हा आला असतात तर तिने दार उघडलं असतं.”

“हो,” हिलरी म्हणाली. 

“बाबांना द्या.”

क्लिफर्डने रिसीव्हर घेतला. तो ताठ उभा राहून ऐकत होता, जसा एखादा माणूस कामावर साहेबाचं ऐकतो. हिलरीने कोटाची बटणं लावली.

“हो गं... नाही, मी बरा आहे... रडतेस कशाला, इतकी म्हातारी झालीस!... हो, होतंच बरोबर, तुला तेव्हाही सांगितलं होतं मी.”  त्याची मोकळी बोटं फोनच्या वायरीशी चाळा करत होती. “रविवारी? ये की. मटण आणून ठेवतो. पोरांनाही आण... काय म्हणालीस?”

त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. 

“तुझ्या छपराचं ना?” तो म्हणाला. “मला विचारतेस? आधी चिमणीच्या बाजूने पाणी झिरपतंय का ते बघून घे. शिडीवर तू चढू नकोस. मी येऊन बघतो, मग सांगतो काय करायचं ते.”

हिलरीने दार आवाज न करता ओढून घेतलं. गल्लीच्या टोकाला तिची बस उभी होती. चालकाने तिला पाहिलं असावं, कारण तो थांबला होता. पण तिला पळता येत नव्हतं, आणि ती पळालीही नाही. ती तशीच फाटकाशी उभी राहिली. आतून त्याचा आवाज येत होता. सावकाश, एकेक गोष्ट नीट समजावून सांगणारा.