नाव यशोदाचं निघालं

नीळकंठनं रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. मग बंद खिडकी पाहून समोरच्याला उलट संशयच येईल असं वाटून ती पुन्हा अर्धी उघडली. समोरच्या ओट्यावर सावळाराम शिपाई तंबाखू मळत बसला होता, आणि बराच वेळ मळत होता.

"विचारा, काय विचारायचंय ते," नीळकंठ खुर्चीतल्या मुलीला म्हणाला.

"तुम्हाला नाही, सर." मुलीनं मांडीवरच्या कागदांवर बोट फिरवलं. "यशोदा नीळकंठ बोराटे. मतदार यादीतून चिठ्ठ्या काढल्यासारखी नावं निघतात. तुमच्या घरातून त्यांचं निघालंय."

मुलीचं नाव आसावरी. बारामतीच्या कॉलेजात शिकत होती आणि पुण्याच्या कुठल्याशा संस्थेसाठी निवडणुकीआधीची पाहणी करत इंदापुरात दारोदार फिरत होती. फॉर्म चांगला आठ पानी होता. राजकारणाच्या प्रश्नांबरोबर टीव्हीचे, गाड्यांचे आणि गाण्यांचेही प्रश्न त्यात घुसवलेले होते. तिच्या पायाशी पत्र्याची एक छोटी पेटी होती. तिला वर फट होती आणि पुढं कुलूप.

"तिचं आणि माझं काही वेगळं नसतं," नीळकंठ म्हणाला. "अकरा वर्षं झाली लग्नाला. सगळ्या बाबतीत आमचं एकच मत असतं."

"मग त्या तेच सांगतील," आसावरी म्हणाली. "फक्त त्या बोलत असताना दुसरं कुणी इथं बसलेलं चालत नाही. तसा नियमच आहे."

यशोदा दाराच्या चौकटीत पदराला हात पुसत उभी होती. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा पेटीकडे, आणि सरळ येऊन सतरंजीवर बसली. "तुम्ही चहा टाका," ती म्हणाली. इतक्या सहज म्हणाली, की नीळकंठला आत जाण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

दुसरा कुठलाही रविवार असता तर त्यानं हे हसण्यावारी नेलं असतं. पण उद्या सोमवार होता. गावातल्या एका शिक्षणसंस्थेत तो चार वर्षं हंगामी कारकून होता, आणि कायम करायच्या माणसांची यादी उद्याच्या मीटिंगमध्ये निघणार होती. यादी काढणार होते चेअरमनसाहेब. चेअरमनसाहेब या निवडणुकीत कुणाच्या मागं आहेत हे इंदापुरातल्या गाढवांनाही ठाऊक होतं. आणि कोण काय बोललं हे चेअरमनसाहेबांना कळायला उशीर लागत नसे, कारण सावळाराम त्यांच्याच संस्थेत शिपाई होता आणि संध्याकाळी त्यांच्याच बंगल्यावर झाडांना पाणी घालायला जात असे.

नीळकंठचा स्वभावच तसा झाला होता. ऑफिसात कुणी राजकारण काढलं की तो पेनात शाई भरायला घ्यायचा. मतदानाला मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून जायचा. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये नुसता पडदा होता. त्यानं दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि साखरेचा डबा शोधता शोधता कान बाहेर लावला.

"टीव्ही रोज किती वेळ बघता, ताई?"

"बघते म्हणजे, चालू असतो तो." दोघी हसल्या. "हवामानाचं तेवढं बघते मी. सगळा देश येतो नकाशात. माझ्या माहेरी मोरगावावर ढग आहे का, ते कुठलं कळायला? पण बघते. दादांची ज्वारी असते तिकडं."

"आणि न आवडणारा कार्यक्रम?"

"सिनेमा. मारामारी सुरू झाली की डोकं दुखतं माझं. ह्यांना आवडतो म्हणून बसते शेजारी."

नीळकंठ डबा हातात धरून उभा राहिला. सिनेमाच्या वेळी ती हमखास कपाळाला बाम लावून बसे. उन्हानं होतं, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

"गाडी घ्यायची झाली तर कुठली घ्याल?"

मारुती, नीळकंठ मनात म्हणाला. पांढरी. हे त्यांचं कधीच ठरलेलं होतं. म्हणजे तो बोलायचा आणि ती मान डोलवायची.

"जीप," यशोदा म्हणाली.

"जीप?"

"मोरगावाला जाताना मी जीपमध्ये मागंच बसते, रस्त्याकडं तोंड करून. मागं बसलं की आपण सोडलेली गावं दिसत राहतात. पुढं बसलं की नुसतं येणारंच बघत बसायचं, आणि ते काय, येतंच."

"आणि स्वतः चालवायची झाली तर?"

"मी? शिकवलं कुणी तर चालवीन की. न चालवायला काय झालंय?"

आसावरीचं पेन कागदावर कुरकुरलं. मग गाण्यांचं निघालं. यशोदाला गाण्यातलं काही कळत नाही, हे नीळकंठ पैजेवर सांगू शकला असता.

"आमच्या मागच्या गल्लीत बँडवाले राहतात," ती सांगत होती. "लग्नं नसली की संध्याकाळी तालीम करतात. एकजण चुकतो, मग सगळे थांबतात, त्याला शिव्या घालतात, पुन्हा पहिल्यापासनं. ते ऐकायला आवडतं मला. लग्नात वाजवतात ते नाही एवढं आवडत. तिथं सगळं बरोबर असतं."

"रोज ऐकता?"

"कुठलं हो. ह्यांना कलकलाट सहन होत नाही. खिडकी लावून घेते मी."

नीळकंठला अपराधी वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण त्याहून जास्त भीती वाटली. जी बाई टीव्हीबद्दल आणि बँडबद्दल इतकं मोकळं बोलते ती पुढं काय बोलेल? त्यानं पडद्याच्या फटीतून पाहिलं. अर्ध्या खिडकीतून सावळाराम दिसत होता. तंबाखू तोंडात गेली होती आणि मान इकडं वळली होती.

"आता राजकारणाचे प्रश्न," आसावरी म्हणाली. "इथल्या पुढाऱ्यांच्या कामाबद्दल काय वाटतं?"

"खरं सांगू?"

नको, नीळकंठ म्हणाला. आवाज मात्र बाहेर पडला नाही.

"संक्रांतीला चेअरमनसाहेबांच्या बाईंनी हळदीकुंकू केलं. सगळ्यांना वाण म्हणून स्टीलची वाटी दिली. वाटी चांगली आहे, जाड आहे. पण तिच्यावर नाव कोरलंय त्यांचं. आमच्या घरची आमटी, आणि खायची त्यांचं नाव वाचत?"

नीळकंठनं हातात पाहिलं. साखर काढायला त्यानं तीच वाटी घेतली होती. त्यानं ती घाईघाईनं पालथी घातली, तर साखर ओट्यावर सांडली.

"आणि पुढाऱ्यांचं म्हणाल तर," यशोदानं आवाज खाली आणला, पण पडद्याआड तो स्वच्छ ऐकू येत होता, "माणसांना कायम करायची एक यादी असते. ती चार चार वर्षं खिशात ठेवायची. यादी खिशात असली की समोरची माणसं वाकून चालतात. आमचे हे लग्नात चांगले उंच होते हो. फोटो आहे ना, दाखवते. आता बघा त्यांची मान."

दूध उतू गेलं. सूं सूं आवाज करत गॅसवर पसरलं आणि करपल्याचा वास सगळ्या घरात भरला. नीळकंठनं गॅस बंद केला. त्याचा हात नकळत मानेवर गेला होता.

बाहेर आसावरी काहीतरी समजावून सांगत होती. ही खोटी मतपत्रिका. ज्याला मत द्याल त्याच्या चिन्हावर फुली मारायची, घडी घालायची आणि पेटीत टाकायची. मीही बघणार नाही. मग कागदाची घडी पडल्याचा आवाज आला आणि पत्र्यावर काहीतरी हलकेच टेकलं.

चहा कसाबसा झाला. आसावरीनं तो कौतुक करत घेतला, पेटी उचलली आणि निघाली. तिच्यामागं नीळकंठही चपला घालून दारापर्यंत गेला.

"भाऊसाहेब," सावळारामनं ओट्यावरूनच हाक दिली, "कसली पेटी हाय ती?"

"काही नाही. कॉलेजचं काम आहे त्यांचं."

"आन् वैनी काय येवढं सांगत हुत्या मघाधरनं? हासत हुत्या जनू."

"टीव्हीचं विचारत होती ती. कुठले कार्यक्रम बघता वगैरे."

"व्हय का?" सावळाराम पिचकारी टाकून म्हणाला. "बरं हाय. उद्या मिटिंग हाय न्हवं तुमची?"

नीळकंठ "हो" म्हणाला आणि साखर संपल्याचं सांगून चालू लागला. कोपऱ्यावर वळल्यावर तो जवळजवळ धावलाच. आसावरी एसटी स्टँडवर बारामतीच्या गाडीची वाट बघत, पेटी मांडीवर घेऊन बाकावर बसली होती.

"तो फॉर्म फाडता येईल का?" तो धापा टाकत म्हणाला. "तिची तब्येत बरी नसते. डोकं दुखतं. काहीही बोलते."

"फॉर्मवर नाव नसतं, सर. नुसता नंबर."

"नंबरावरून नाव काढता येतंच ना? यादीत असणारच."

"मतपत्रिकेच्या चिठ्ठीवर तर नंबरसुद्धा नाही. आणि पेटीची किल्ली पुण्याला असते." ती त्याच्याकडे निरखून बघत होती. वयानं पोरगेलीच होती, पण दारोदार फिरून माणसं ओळखायला शिकली असावी. "ताई काय बोलल्या, ते ऐकलं का तुम्ही?"

"नाही," नीळकंठ म्हणाला. "मी चहा करत होतो."

"मग घाबरताय कशाला?"

तेवढ्यात बारामतीची गाडी लागली आणि लोक दाराशी तुटून पडले. आसावरीनं पेटी पोटाशी धरून जागा मिळवली. खिडकीतून तिनं हात हलवला, तेव्हा त्यानंही हलवला, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून लगेच मागं वळून बघितलं.

घरी आला तेव्हा यशोदा स्वयंपाकघरात गॅसवरचं करपलेलं दूध खरवडत होती. ओट्यावरची साखर तिनं वाटीत भरून ठेवली होती. तो पाटावर बसला. रागवावं असं तो वाटेत ठरवून आला होता, पण तिच्या पाठीकडे बघून ते राहूनच गेलं.

"चिठ्ठीवर कुठं फुली मारलीस?" त्यानं शेवटी विचारलं.

"कुठं म्हणजे? त्यांच्याच चिन्हावर."

"कुणाच्या?"

"चेअरमनसाहेबांच्या माणसाच्या. आणखी कुणाच्या?"

नीळकंठच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यानं भिंतीला पाठ टेकली. दोन क्षण त्याला खरोखर बरं वाटलं. मग ते बरं वाटणंच त्याला खुपायला लागलं.

"पण ती तर कुणी बघणार नव्हतं," तो म्हणाला. "आणि तुला तर ते मुळीच..." इथं तो थांबला, कारण आपण काही ऐकलंच नाही असं त्याला दाखवायचं होतं.

"ऐकलंत होय सगळं?" यशोदा मागं न वळताच म्हणाली. "बोलणं हवेत जातं हो. कागद राहतो. कुणी उघडलाच उद्या, तर? तुमची मीटिंग आहे."

"आणि खऱ्या मतदानाला? दोन वर्षांमागं?"

"तेव्हाही तिथंच. त्याच्या आधीच्या वेळीही. शिक्का मारताना जिवावर येतं, पण मारते. माझ्या एका शिक्क्यानं तुमचं काही अडायला नको." तिनं कालथा धुऊन ठेवला. "तुम्ही एकदा कायम झालात की मग मी माझ्या मनासारखं देणार आहे. सांगून ठेवते."

दोन्ही वेळी नीळकंठ पुठ्ठ्याच्या त्या आडोशामागं उभा राहिला होता, इस्त्रीच्या शर्टात. दोन्ही वेळी त्यानं चेअरमनसाहेबांच्या माणसाच्या बरोबर विरुद्ध चिन्हावर शिक्का दाबून मारला होता आणि बाहेर पडताना त्याला आपण उंच झाल्यासारखं वाटलं होतं. चार वर्षांत तेवढी एकच जागा त्यानं स्वतःसाठी राखून ठेवली होती. त्याच्या रांगेच्या शेजारी, बायकांच्या रांगेत ही उभी होती आणि त्याच्यासाठी आपली जागा सोडून देत होती. त्याला लाज वाटली. मीटिंगची भीती त्या लाजेपुढं अगदी लहान झाली.

"तुमचंही तसंच असणार म्हणा," यशोदा म्हणाली. "तुम्हाला तर द्यावंच लागतं."

ती आता वळली होती आणि त्याच्याकडे बघत होती. सांगून टाकायला याहून चांगली वेळ आली नसती.

"हो," नीळकंठ म्हणाला. "द्यावंच लागतं."

मागच्या गल्लीत बँडची तालीम सुरू झाली. क्लॅरिनेटवाला दोन ओळी नीट गेला आणि तिसरीला घसरला. सगळे थांबले, कुणीतरी शिवी हासडली, कुणीतरी हसलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. यशोदानं पदराला हात पुसले आणि सवयीनं मागची खिडकी ओढून घेतली.

"राहू दे," नीळकंठ म्हणाला. पण तोवर तिनं कडी लावली होती.