अहो थांबत नाहीत

विमान शिकलेल्या माणसाला थांबता येत नाही. माळावरच्या विमानतळाशेजारच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून जयसिंगराव भोईट्यांनी निवृत्तीनंतर हौसेने विमान शिकायला घेतलं, तेव्हा त्यांच्या पत्नीने, दातांच्या डॉक्टर सुनंदाबाईंनी, घरातल्या खुर्च्या भिंतीला सरकवून वाट मोकळी करून ठेवली.

परवाना हातात पडला आणि जयसिंगराव चालू लागले. भाकरी चालता चालता खायचे, झोपायचेही चालतानाच. वेग फार कमी झाला की विमानासारखेच कोसळायचे. आधी ते घराभोवती फिरत, मग गल्लीभोवती. आता त्यांची फेरी गावाबाहेरून जात होती आणि दर खेपेला मोठी होत होती. अशाने एक दिवस फेरीत आपलं दार लागणारच नाही, हे बाईंना दिसत होतं.

हेलिकॉप्टर मात्र हवेत एका जागी उभं राहतं. बाईंनी तिकडे नाव घातलं.

शिकवणारे तांबोळी सर घाई करणाऱ्यातले नव्हते. आधी त्यांनी नुसती पायांची कामं बाईंकडे सोपवली, मग एका हाताची, मग दुसऱ्याची. हेलिकॉप्टर जमिनीपासून पुरुषभर उंचीवर डुलत राहायचं.

"डॉक्टरबाई, दांडी आवळू नका. नुसती बोटं टेकवा. दाढ उपटायची नाहीये."

बाई हसल्या, पण हात ऐकेना. जन्मभर चिमटा आवळलेला हात तो.

विमानाची दांडी सोडली तरी ते आपलं सरळ जात राहतं, सर समजावत, पण हेलिकॉप्टरची सोडली की ते उलटतं. म्हणून हे शिकलेल्याला हातातलं सोडता येत नाही. सरांच्या बोटांत चहाचा कप होता. हा कप मी शिकलो त्या दिवसापासूनचा, असं ते म्हणाले. हलका धरलाय, सुटेल कधीतरी.

"आणि आवळून धरलं तर?"

"तसं धरलेलं अजून कुणाचं सुटलेलं नाही."

बाईंनी थोडा विचार केला. "सर, हेलिकॉप्टर विमानाला थांबवू शकतं का?"

सरांना प्रश्न आवडला.

"सोबत जाऊ शकतं."

"आणि मग?"

"मग सोबत."

परवाना मिळाल्यावर बाईंची पावलं जमिनीपासून वीतभर वर राहू लागली. बोटं फाकवून, कशालाही न शिवता, त्या दारासमोर हवेत उभ्या राहिल्या. जयसिंगराव वळणावरून आले तशा त्या त्यांच्या बरोबरीने निघाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा नीट दिसला. उजव्या दाढेत कळ आहे, हे बाईंनी गालावरूनच ओळखलं.

"अहो, बसायचं का जरा?"

"बसायचंय गं. जमत नाही."

बाईंनी हात पुढे केला. नुसती बोटं टेकवायची, हे त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांनी ती टेकवलीही. पण जयसिंगराव पुढे सरकले, त्यांचा हात निसटू लागला, आणि बाईंनी तो आवळला.

बाई जागच्या जागी थांबल्या. जयसिंगराव थांबले नाहीत. त्यांची फेरी आता हातभर उरली होती. ते बाईंभोवती फिरू लागले, आधी सावकाश, मग चेहरा दिसेनासा होईल इतक्या वेगाने. गल्लीतली धूळ उठली, दोरीवरचे कपडे उडाले. जयसिंगरावांच्या पायातली एक चप्पल सुटली आणि शेजाऱ्यांच्या कौलांवर पडली, दोघांच्या बरीच खाली.