मागितला घोडा, मिळाला घोडा

मी घोडा बोलतोय. खिंकाळत नाहीये, बोलतोय. खिंकाळायला गळा मोकळा लागतो आणि माझ्या गळ्यात मोटारसायकलचा सायलेन्सर बसवलाय. आता तुम्हीच सांगा, आवाज कुठून निघणार?

तुमच्यासारखा मी एका दिवसात जन्मलो नाही. हप्त्या-हप्त्याने जन्मलो. माझी पाठ आधी एका दवाखान्याचा दरवाजा होती. सागवानी, जाडजूड. "आत येऊ का?" हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. पाठीला कान कुठले, असं विचारू नका. भिंतीला असतात म्हणता ना, मग दरवाजाने काय घोडं मारलंय? पाय म्हणजे पाण्याचे पाईप. पोटाच्या दोन्ही बाजूंना खिडकीचे आडवे गज. आयाळ सायकलच्या चेनची, कान म्हणजे दोन पळ्या, आणि शेपूट ब्रेकच्या वायरींची जुडी.

या सगळ्याला कोणी ना कोणी "आता काही कामाचं नाही" म्हणून हाकलून दिलेलं. माणसांची गंमतच असते. कपाटाची एक बिजागरी तुटली की अख्खं कपाट भंगारात. आणि मोबाईलचा रिकामा खोका? तो माळ्यावर, दहा वर्षं, जपून!

तर आम्ही सगळे जमलो एका वर्कशॉपमध्ये. तिथे एक दादा आणि त्याची धाकटी बहीण. दादा सुतार, जुन्या लाकडातून टेबलं-खुर्च्या करणारा. बहीण वेल्डर. तिला सगळे ठिणगी म्हणतात, कारण ती उडते. तिला जुन्या लोखंडातून प्राणी बनवायचे असायचे, पण दादा तिला बिजागऱ्या आणि खुर्च्यांचे पायच जोडायला द्यायचा.

एक दिवस दादा लाकूड आणायला बाहेर गेला होता आणि एक मावशी आली. ग्राइंडर चालू, त्यामुळे दोघी ओरडूनच बोलत होत्या.

"मला एक घोडा पाहिजे!"

ठिणगीचे डोळे चमकले. "केवढा?"

"माझ्या खांद्याएवढा उंच पाहिजे. आणि मजबूत हं, माझं वजन पेलायला पाहिजे."

"उभा ना?"

"मग काय झोपलेला? उभाच!"

"रंग कुठला देऊ?"

"रंगाचं माझ्यावर सोड गं. सोमवारी न्यायला येते."

झालं! ठिणगी आनंदाने एवढी नाचली, की तिचा पाय माझ्या भावी शेपटीत अडकला.

संध्याकाळी दादाने विचारलं, "गिऱ्हाईक कोण?"

"एक मावशी."

"बरं. तुझी पहिली ऑर्डर आहे. नीट झाली तर डावीकडचा कोपरा तुझा, काय वाट्टेल ते प्राणी कर. फसली तर गपगुमान बिजागऱ्या."

"चालेल!"

मग सहा दिवस तिने मला घडवलं. माझी मान तीनदा कापली, तीनदा जोडली. पहिल्यांदा मी उंटासारखा दिसत होतो, दुसऱ्यांदा दादासारखा. दादानेही माझ्या पाठीला असा रंधा मारला, की गुदगुल्याच झाल्या.

सोमवारी मावशी टेम्पो घेऊन आली. माझ्याकडे बघून तिचं तोंड उघडं ते उघडंच.

"हे काय?"

"घोडा," ठिणगी म्हणाली.

"अगं, मी घोडा सांगितला होता!"

"मग हे काय गाढव आहे?"

"घोडा म्हणजे घोडा गं बाई! रंगाऱ्याचा! दोन बाजूंनी पायऱ्या, वर फळी, त्यावर उभं राहून छत रंगवतात तो! उद्यापासून वाचनालयाचं काम धरलंय मी!"

दादाने कपाळावर हात मारला. "मावशी धंदा काय करतात हे विचारलं का नाहीस?"

"तू विचारलंस गिऱ्हाईक कोण, मी सांगितलं मावशी. मावशीच आहेत की!"

"शहाणीच आहेस! मावशी, तुम्ही दोन तास थांबा. याचे पाय सोडवतो आणि सरळ शिडीचा घोडा करून देतो." दादाने ग्राइंडर उचलला.

माझ्या पाईपात पाणी नव्हतं, तरी पायाला घाम फुटला. ठिणगीने गॉगल डोळ्यांवर ओढला. वेल्डिंग चालू नसताना. मला कळलं, का ते.

मग एकदम म्हणाली, "मावशी, एकदा चढून तरी बघा ना. गज आडवेच आहेत."

मावशीने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. एक डबा पालथा घातला, त्यावर पाय, मग गजावर पाय, आणि आली की वर! आता खरं सांगतो, दरवाजाला करकरायची जन्मजात खोड असते. पण त्या क्षणी मी जे तोंड मिटलं, ते मिटलं. मावशी पाठीवर उभी राहिली. दोनदा उडी मारली. डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली.

"हलत नाही गं हा!"

"खाली पायरी कमी पडतेय," दादा पुटपुटला. त्याने स्कूटरच्या दोन पायदांड्या आणल्या आणि दोन्ही बाजूंना खोगिराच्या रिकिबींसारख्या, पण न झुलणाऱ्या, पक्क्या बसवायला लावल्या. ठिणगीने वेल्डिंग केलं. गॉगल आता कामासाठीच होता.

"आता एवढी मान कापतो," दादा म्हणाला. "मध्ये मध्ये येईल."

"खबरदार!" मावशी वरूनच ओरडली. "मग रंगाचा डबा कुठे अडकवू? तुझ्या मानेत?"

वाचलो!

आता मी वाचनालयात आहे. चार दिवसांत अर्धं छत निळं झालंय आणि पाऊण मी. गळ्यात डबा, कानावर ब्रश, पाठीवर मावशी गाणी म्हणतेय. तेही बेसूर. काल दादा आणि ठिणगी काम बघायला आले. दादा मान वर करून म्हणाला, "रंग छान बसलाय." ठिणगीने छताकडे बघितलंच नाही. ती माझ्याभोवती दोन चकरा मारून म्हणाली, "दादा, डाव्या कोपऱ्यात आधी हत्ती करू की जिराफ?"

दादा म्हणाला, "आधी गिऱ्हाईकाला विचार, धंदा काय करता!"

असो. तुम्ही कधी इथे पुस्तक बदलायला आलात तर खुशाल हात लावा, फोटो काढा. फक्त मावशी वर असताना मला हसवू नका. मी हललो की रंग तुमच्याच डोक्यावर.