आभार न मानता

डॉक्टरीणबाईंनी माझ्या ठोक्यांच्या आलेखाची कागदी पट्टी माझ्यापुढे धरली. "काराई इसाबेलिनो," वडीलधाऱ्याला मारायच्या हाकेने त्या म्हणाल्या, "याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळायचे सोडून नुसते थरथरतात. रक्त साचतं, गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली तर..."

"माहीत आहे," मी म्हणालो.

न माहीत असायला काय झालं? माझा थोरला भाऊ आनास्तासियो आमच्याच अंगणात आंब्याखाली खुर्चीत बसलेला असतो. अर्धं तोंड लोंबतं. मांडिओकाचा कंद उकडून, कुस्करून भरवावा लागतो. हो म्हणायचं असलं तरी त्याच्या तोंडून 'नाही'च निघतं. मला मरणाची फारशी भीती नाही, पण त्या खुर्चीची आहे.

बाईंनी रक्त पातळ करायची गोळी लिहून दिली. रक्त तपासलं की ते गोठण्याचा आकडा दोन-तीनच्या मध्ये यायला हवा. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. आकडा बसेपर्यंत बस चालवायची नाही. अख्खा जन्म आमच्या सान लोरेन्सो शहराच्या रस्त्यांवर बस हाकली, आणि आता हे!

"आणखी काही औषध? काढा, पाला वगैरे?"

"अजिबात नाही."

खोटं बोललो नव्हतो. माझी बायको देओलिंदा बाजाराच्या कोपऱ्यावर औषधी पालाच विकते. सकाळी लोक थर्मास घेऊन तिच्यापुढे उभे असतात, तिला मानाने ञा म्हणतात. "ञा देओलिंदा, पोट बिघडलंय." "ञा देओलिंदा, सासू आलीय, काहीतरी थंड घाल." ती लाकडी उखळीत पाला कांडते आणि त्यांच्या पाण्यात टाकते. ते गार पाणी शिंगाच्या प्याल्यातल्या येर्बाच्या वाळक्या पानांच्या चुऱ्यावर ओतायचं आणि नळीने ओढायचं, की झालं तेरेरे. दिवसभर तेच चालतं. त्याला आमच्याकडे कुणी औषध म्हणत नाही. पाणी म्हणतात.

त्या दिवसापासून माझी बोटं सारखी मनगटावर. एक ठोका, दुसरा ठोका, मग काहीच नाही, मग तीन-चार एकदम, ढकलाढकली करत. ठोका चुकला की मी श्वास धरून बसायचो. आता पुढचा येतो की गुठळी येते?

"सारखं काय चाचपतोस?" देओलिंदा म्हणायची. "पळून चाललीय का ती नाडी?" आणि पाठ वळवून कांडायला लागायची. त्या दिवसांत ती फार वेळ कांडायची.

मग एका सकाळी दाढी करताना नाकातून रक्त सुरू झालं. नाक दाबलं, मान खाली घातली, तरी थांबेना. टॉवेल भिजला, दुसरा भिजला. देओलिंदा बर्फ घेऊन धावत आली आणि गोळीच्या नावाने बोटं मोडायला लागली. "ती बया रक्त पातळ करतेय की सगळं बाहेर काढतेय?" खुर्चीतून आनास्तासियो ओरडत होता, "नाही! नाही!" आणि तो 'हो' म्हणतोय की 'नाही' हे कुणालाच कळत नव्हतं.

दवाखान्यात नाकात कापसाचे बोळे कोंबले, इंजेक्शन दिलं. आकडा सातच्या वर गेला होता. "घसरून डोकं आपटलं असतं ना," बाई म्हणाल्या, "तर तुम्हाला इथवर आणायची गरजच उरली नसती."

गोळी काही दिवस बंद, मग अर्धी. पुन्हा तपासणी. आकडा पुन्हा चढलेला.

आता बाईंचा चेहरा बदलला. "खरं सांगा. विसरून दोनदा घेता का?"

"मी विसराळू असतो तर ब्रेक दाबायला विसरलो नसतो का कधी? अर्धं सान लोरेन्सो स्मशानात असतं!"

"चिडू नका. पण अर्ध्या गोळीवर असं होत असेल, तर मला ती बंदच करावी लागेल."

बंद म्हणजे गुठळी. म्हणजे ती खुर्ची, आंब्याखाली, आनास्तासियोच्या शेजारी. पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. बाईंनी टेबलाखालून आपला थर्मास काढला, प्याला भरून ओढला, पुन्हा भरला आणि सवयीने माझ्यापुढे धरला. पुढे केलेलं तेरेरे कोण नाकारतं? मी प्यायलो आणि प्याला परत दिला. आभार मानले नाहीत. मानले की पुढचा प्याला मिळत नाही, पुरे असा त्याचा अर्थ होतो.

"बाई, रागावू नका, पण हे काय पाणी आहे? नुसता पुदिना! माझी बायको बघा, हृदय बिघडल्यापासून मुळ्या काय, साली काय, पाणी लालभडक करते. रक्त पातळ व्हावं म्हणून."

बाईंचा हात भरता भरता थांबला. "कशासाठी म्हणालात?"

"रक्त पातळ..." आणि माझं मलाच ऐकू आलं.

"मी विचारलं होतं ना, पाला घेता का?"

"पण ते तेरेरे आहे!"

त्यांनी कपाळावर हात मारला. "मी इथलीच पोर, आणि मलाही सुचू नये! काराई, आजपासून ते पाणी बंद. एक घोटही नाही. तुम्ही सांगता की मी सांगू तिला?"

"मीच सांगतो," मी म्हणालो. सांगणं किती अवघड आहे हे घरी गेल्यावर कळलं.

देओलिंदा अंगणात वाट बघत होती. काही विचारायच्या आत तिने प्याला भरून हातात दिला. पाणी लाल होतं. मी तो तसाच धरून उभा राहिलो. मग भरलेलाच तिला परत दिला.

"आभार," मी म्हणालो.

लग्नापासून हा शब्द मी तिला कधी म्हणालो नव्हतो. ती बघतच राहिली. "प्यायलासही नाहीस."

मी सगळं सांगितलं. ती उखळीकडे बघत म्हणाली, "म्हणजे नाकातलं ते रक्त माझ्या हातचं?"

"तुझ्या आणि गोळीच्या. दोघी एकाच बाजूला ओढत होतात."

"त्याच्यासारखं होऊ नये म्हणून रे," ती आनास्तासियोकडे बोट दाखवून म्हणाली आणि रडायला लागली. "नाही," आनास्तासियो हळूच म्हणाला. तिने थर्मास आंब्याच्या मुळाशी उपडा केला.

पुढच्या तपासणीला ती पहिल्यांदाच माझ्याबरोबर आली. बाकावर बसून राहिली. बाईंनी कागद बघितला आणि आकडा सांगितला. दोन-तीनच्या मध्ये. देओलिंदाने फक्त माझं मनगट पकडलं. ठोके तसेच वेडेवाकडे पडत होते, आणि तिने हात सोडला नाही.

घरी येऊन तिने साधं पाणी भरलं. येर्बावर पहिली धार ओतली ती रीतीप्रमाणे संत तोमासची, दुसरी माझी.

"कसं आहे?" तिने विचारलं.

"मचूळ. डबक्यातलं वाटतंय."

"पी मुकाट्याने."

मी प्यायलो. प्याला परत केला. आभार काही मानले नाहीत.