अंगाखालचं गार पाणी

मी चादर बोलतेय. अंगावर ओढून घेता ती नव्हे. गादीवर, तुमच्या अंगाखाली अंथरतात ती. माझ्या पोटात वातीएवढ्या बारीक नळ्या शिवलेल्या आहेत आणि त्यांतून पाणी फिरतं. पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक डबा असतो. तो पाणी गार करून माझ्याकडे ढकलतो, माणसाच्या अंगाखालून ते कोमट होऊन परत जातं, तो ते पुन्हा गार करतो. दोन डबे अशासाठी की पलंगावरच्या दोघांनी आपापल्या मर्जीप्रमाणे ठेवावं. कुणाला ऊब हवी असेल तर डबा पाणी कोमटही करून देतो.

एवढंच माझं काम. मला गार कळतं, गरम कळतं. बाकीचं फारसं कळत नाही. त्यामुळे माझं सांगणं जरा कोरडं वाटलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एक बाई माझ्या नळ्यांच्या मधल्या जागेत मशीनची शिलाई घालत होती. सुई नळीला लागली की अख्खी चादर फुकट. तिनं दिवसभर शेजारणीला आपल्या सासूची गाऱ्हाणी ऐकवली आणि एकही नळी फोडली नाही. मग माझ्यात पाणी सोडून मला उलटीसुलटी करून पाहिलं, वाळवलं, घडी घातली आणि खोक्यात बंद केलं. गोदामात बरेच दिवस गेले. त्यातलं सांगण्यासारखं काही नाही.

ज्या घरात मी आले, तिथली बाई बस चालवायची. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पहाटेची पाळी. तिचा नवरा कुलुपं दुरुस्त करायचा, किल्ल्या बनवून द्यायचा. त्याचं छोटंसं दुकान होतं. ती त्याला सारखी 'अहो, अहो' करायची, त्यामुळे पहिले काही दिवस मला त्याचं नावच 'अहो' वाटत होतं.

बाई जन्माचीच उष्ण अंगाची. लहानपणी तिची आई तिला उघड्या फरशीवर निजवायची म्हणे. ऐन थंडीत तिला खिडकी उघडी लागायची, वर पंखा फुल. तरी मान, पाठ, गुडघ्यांच्या लवणी, सगळं घामानं चिंब. उठायचं, टॉवेल पसरायचा, पुन्हा पडायचं, पुन्हा उठायचं. नवरा नेमका उलटा. तो पायमोजे घालून झोपणारा. लग्नानंतर बरीच वर्षं त्यानं कानाला रुमाल गुंडाळून निभावलं. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, तिची खोली मोकळी झाली, तसा तो एक दिवस उशी घेऊन तिकडे गेला. भांडण काही झालं नव्हतं. पण गेला तो गेलाच.

बाईची झोप मात्र तशीच राहिली, तुकड्यातुकड्यांची. एका सकाळी सिग्नलला बस उभी असताना तिचा डोळा लागला. ब्रेकवरचा पाय सैल पडला आणि बस सावकाश पुढे सरकून समोरच्या मोटारीला टेकली. मोटारीचा दिवा फुटला, कुणाला खरचटलंही नाही. मागच्या सीटवरचे एक आजोबा, स्टॉप आला का, म्हणून विचारत होते. पण डेपोनं तिला स्टिअरिंगवरून उतरवलं आणि हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसवलं. तिथं छत्र्या, एकेकटे हातमोजे, एकदा तर कुणाची तरी दातांची कवळी. झोप नीट लागतेय असं डॉक्टरांनी कळवलं की बस परत देऊ, असं डेपोचे साहेब म्हणाले.

मला आणलं ते तिच्या नणंदेनं. ती वृद्धांच्या एका निवासात काम करायची, तिथं तिनं माझ्यासारखी एक पाहिली होती. खोकं स्वतः उचलून वर आणलं, भावाला नळ्या जोडायला बसवलं आणि वहिनीला म्हणाली, यावर झोपून बघा, नाही आवडली तर मी घेऊन जाईन. डब्यात साधं पाणी चालत नाही, नळ्यांत क्षार धरतात. मग बाईनं डेपोतल्या मेकॅनिककडून बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन आणला.

पहिल्या दिवशी ती माझ्यावर अगदी संकोचून आडवी झाली, पाहुण्यांच्या सोफ्यावर बसावं तशी. पाठीखालून ओढा वाहतोय असं वाटतं, म्हणाली. माझ्या अंगाला तिची उष्णता लागली. दिवसभर तापलेल्या भिंतीसारखी होती ती, जाड आणि संथ. मी ती घेत राहिले. भिंत निवत गेली.

सकाळी ती छताकडे बघत पडून राहिली. मग पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणाली, "अहो, मला झोप लागली होती."

"कळलं," तिकडून उत्तर आलं. "घोरत होतीस."

थोड्याच दिवसांत त्याची उशी परत आली. आपल्या बाजूचा डबा त्यानं उबदारवर ठेवला. एका पलंगावर आपण हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही नांदवतोय, असं तो बहिणीला फोनवर सांगत होता. दिवा मालवल्यावर तो दुकानातल्या गोष्टी सांगायचा. किल्ली हरवलेली माणसं ती का हरवली हे न विचारता सांगतात, आणि जवळजवळ सगळीच त्यात दुसऱ्या कुणाचा तरी दोष काढतात. बाई हसायची. हसताना तिचं अंग जरा गरम व्हायचं.

डॉक्टरांनी डेपोला कळवलं. बाईला बस परत मिळाली. मला वाटतं तो आमचा चांगला काळ होता. तेव्हा मला तो नुसता नेहमीचा वाटत होता.

मग बाईच्या बाजूचं बटण खाली जाऊ लागलं. एकेक पायरी. आधी बेताचं गार तिला पुरायचं. मग आणखी थोडं. मग आणखी. मी पाठवीन ते पाणी गरम होऊनच परत यायचं. आणि ही उष्णता पहिल्यासारखी नव्हती. भिंतीची उष्णता मला ओळखीची होती. ही लाटेसारखी यायची, अंग भिजवायची, निघून जायची, पुन्हा यायची. मला फरक कळत होता. पण माझ्याकडे तोंड नाही. माझ्याकडे दोन नळ्या आहेत, एक येणारी, एक जाणारी.

बाई मात्र गाढ झोपत होती. गार होतं ना सगळं. डेपोत तिला, बारीक झालीस, छान दिसतेस, असं म्हणायला लागले. गणवेशाचा पट्टा सैल झाला म्हणून नवऱ्यानं दुकानात त्याला नवं भोक पाडून दिलं. मग आणखी एक पाडलं. तिसऱ्या वेळी पट्टा हातात घेऊन तो बराच वेळ पलंगाच्या कडेला बसून राहिला. त्याची नजर तिच्या डब्यावरच्या आकड्याकडे गेली.

बाई अंघोळ करून आली तेव्हा तो म्हणाला, "अगं, हे तर अगदी शेवटाला आलंय."

"गरम होतं म्हणून."

"बाहेर गारठा केवढा पडलाय."

"तुमची बाजू उबदार आहे ना? मग झालं तर."

तो म्हणाला, एक दिवस बंद ठेवून बघू. ती साफ नाही म्हणाली. सकाळी बस काढायची असते, पुन्हा त्या खिडकीत बसायची माझी तयारी नाही. त्यानं आवाज चढवला नाही. सुट्टीच्या आदल्या रात्री बंद ठेव, एवढंच म्हणाला. पुढचे काही दिवस दोघं माझ्यावर पाठीला पाठ लावून झोपले. मग सुट्टीची आदली रात्र आली आणि तिनं स्वतःच वाकून प्लग काढला.

त्या रात्री माझ्यातलं पाणी जागच्या जागी उभं होतं. पहाटे नवऱ्यानं दिवा लावला, माझ्यावरचा पलंगपोस ओढून काढला आणि बाथरूममध्ये नेऊन पिळला. पाणी फरशीवर पडल्याचा आवाज इथपर्यंत आला. बाई पाय खाली सोडून बसली होती. गाऊन पाठीला चिकटला होता.

"अहो," ती म्हणाली, "हा माझा नेहमीचा घाम नाही."

डॉक्टरीणबाईंकडे काय झालं ते मला दोघांच्या बोलण्यातून कळलं. दोघं चपला न काढताच येऊन माझ्यावर बसले होते. घाम येतो का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा बाई म्हणाली होती, येत असेल, मला कळत नाही, खाली गार पाणी असतं. मग मान आणि काख तपासली. गाठी होत्या. पुढे आणखी तपासण्या झाल्या आणि त्या गाठी कर्करोगाच्या निघाल्या. उपचार आहेत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लगेच सुरू करायला हवेत, असंही.

नवरा माझ्याकडे बघत म्हणाला, हिनं सगळं झाकून ठेवलं.

"तिला गार ठेव म्हटलं, तिनं ठेवलं," बाई म्हणाली. "बटण मी दाबत होते."

माझ्यावर दोन माणसांचं वजन होतं, आणि दोन्ही अंगं सारखीच गार होती. असं मी आधी पाहिलं नव्हतं.

मुलगी रजा घेऊन आली, आपल्या जुन्या खोलीत राहिली. नणंद येऊन स्वयंपाकघर बघू लागली. बाईला शिरेतून औषध द्यायचे, मग ती घरी येऊन पडायची. एका दुपारी ती पडल्या पडल्या म्हणाली, थंडी वाजतेय. नवरा दारात होता. त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य या घरात त्याचं होतं, तिचं कधीच नव्हतं. तिनं परत म्हटलं. त्यानं गुडघे टेकून तिचा डबा उबदारवर आणला. तिच्या बाजूनं मी पहिल्यांदाच कोमट पाणी नेलं.

माझ्यासमोर कुणी रडलं नाही. बहुतेक सगळे दुसरीकडे कुठेतरी जाऊन रडत असावेत. इथं ते औषधांच्या वेळा बोलायचे, भाजी काय आणायची ते बोलायचे.

औषधानं गाठी विरल्या. पण बोटांतली जाणीवही गेली. आधी टोकं बधिर झाली, मग तळहात, मग तळपाय. गाऊनची बटणं लावताना तिला आरशात बघावं लागायचं. कप गरम आहे की गार, हे ओठ लावून ठरवावं लागायचं. येईल हळूहळू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कदाचित सगळं येणार नाही, असंही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

उपचार संपले, तपासणी चांगली आली. मुलीनं फोनवर चार ठिकाणी सांगितलं. बाई, बरं झालं, म्हणाली. बस वेळेवर आली की लोक म्हणतात ना, तसं.

एक दिवस ती कुणालाही न सांगता डेपोत गेली. संध्याकाळी माझ्यावर आडवी होऊन तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. उभ्या बसमध्ये ती ड्रायव्हरच्या जागेवर बसली होती. सीट पुढे घेतली, आरसे लावले. पाय ब्रेकवर ठेवला.

"पाय ब्रेकवर आहे का, ते वाकून बघावं लागलं," ती म्हणाली. "मागे माणसं बसलेली असतात."

मग ती खाली उतरली आणि साहेबांकडे जाऊन, मी बस चालवणार नाही, असं आपणहून सांगून आली. साहेबांनी थांबायला सांगितलं, बघू म्हणाले. तिनं, बघायचं काही नाही, म्हणून सांगितलं. आता ती डेपोतल्या वायरलेसवर बसते. कुठला रस्ता बंद आहे, कुठून वळवून घ्यायचं, ते बाकीच्या ड्रायव्हरांना सांगते. सगळे रस्ते तिला पाठ आहेत.

नवऱ्याला ऐकून काय वाटलं, ते मला सांगता येणार नाही. त्यानं दिवा मालवला नाही, एवढं खरं.

आता माझंही वय झालंय. कडेची शिलाई उसवत आलीय, पायाकडची एक नळी मुडपली आहे, तिथं पाणी पोचत नाही. तिच्या बाजूचा डबा घरघरतो. तिच्या अंगात ती जुनी, भिंतीसारखी उष्णता थोडीथोडी परत येऊ लागली आहे. मला ती लगेच ओळखू आली. म्हणून नवऱ्यानं तिची बाजू पुन्हा गार ठेवलीय, बेताची. आकडा तो रोज झोपताना बघतो.

तुमच्याही अंगाखाली माझी एखादी बहीण असेल तर ती नीट वापरा. पाणी बदला, घडी घालून माळ्यावर टाकू नका. गारव्यानं झोप येते, ती चांगली गोष्ट आहे. फक्त आकडा किती खाली नेलात, ते अधूनमधून कुणाला तरी बघू द्या. आम्हाला सांगता येत नाही.

काल बाईनं झोपण्याआधी माझ्यावर तळहात टेकवला. जरा दाबून पाहिला. मला तिचा हात कळत होता. तिला मी कळत नव्हते.

"अहो, चालू आहे का हे?"

नवऱ्यानं तिच्या हाताशेजारी आपला हात ठेवला.

"चालू आहे. गार आहे."

"किती गार?"

तिचा हात तसाच होता, त्याचाही.

"उशी उलटी केल्यावर लागते ना," तो म्हणाला, "तेवढी."

तिनं मान हलवली आणि ती माझ्यावर आडवी झाली.