गेटवरचं नाव

सोनिया मोकासेच्या हातांना दहा बोटं आहेत.

*

पैठण रोडवर चितेगावच्या थांब्याला बस थांबली की बायका डबे काखेत धरून पळत सुटतात. गेटवरचा वॉचमन नावं पुकारतो. तोंडं बघत नाही.

*

वकील फुकट मिळावा म्हणून बाईला उत्पन्नाचा दाखला द्यावा लागत नाही. ती बाई आहे एवढं पुरतं.

*

पिशोरला अद्रक काढली की हौदावर धुतात. माती सुटली की कंदाला फुटलेली बोटं दिसायला लागतात.

*

पॉवर प्रेसला सेन्सर असतो. हात आत असला की मशीन थांबतं. मशीन थांबलं की माल कमी निघतो, म्हणून सेन्सरवर टेप लावतात.

*

शेजारच्या प्रेसवरच्या लक्ष्मीबाईने दाताने स्वतःचा पदर फाडला आणि जखमी बाईचा हात बांधला. बांधताना ती एकच म्हणत होती, "सोनिया, हाताकडं बघू नको. माझ्याकडं बघ."

*

"नाव?" स्वरदा पाठकने विचारलं.

कोर्टाच्या आवारातलं मोफत कायदेशीर मदतीचं टेबल. स्वरदाचं ऑफिस औरंगपुऱ्यात, बॅगांच्या दुकानावर, पण दर मंगळवारी ती इथे बसे. समोरच्या बाईने उजवा हात पदरात गुंडाळला होता. डाव्या हाताने तिने दवाखान्याचे कागद पुढे सरकवले.

"कागदावर सोनिया हाय," ती म्हणाली. "मी मनकर्णा."

मग जे होतं ते तिने सांगितलं. चितेगावच्या कारखान्यात वॉशर कापायच्या प्रेसवर ती कामाला होती, ठेकेदारामार्फत. ठेकेदार राजेंद्रला पस्तिशीच्या आतल्या बायका हव्या होत्या आणि तिची चाळिशी उलटलेली. घरातल्या कुणा तरण्या बाईचे कागद आण, तो म्हणाला, तिथं कोण बघतंय. तिने पिशोरहून धाकट्या जावेचं आधार कार्ड आणलं. सोनिया कृष्णा मोकासे या नावाचा गेटपास झाला. पासवरचा फोटो जावेचा होता, पण घामाने आणि घासण्याने तो इतका पुसला की ती कुणीही असू शकली असती.

प्रेस पडली तेव्हा दोन बोटं गेली. दवाखान्यात नेणाऱ्या माणसाने गळ्यातला पास बघून नाव लिहवलं. आता कंपनीचं म्हणणं होतं की सोनिया मोकासे नावाची कामगार जखमी झाली, तीही स्वतःच्या हलगर्जीपणाने. ही मनकर्णाबाई कोण, ते आम्हाला माहीत नाही.

स्वरदाने सगळं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. ती म्हणाली, की मग एकच रस्ता आहे. सोनियाला कोर्टात यावं लागेल. बोलली नाही तरी चालेल. हात दाखवले की झालं.

"अन् तिला काय झालं तर?"

"काही होणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही."

"लिहून नगं. तोंडानं सांगा."

स्वरदाने पेन पुन्हा उचललं. "कागद ठेकेदाराने मागवले, हे मी कोर्टात मांडेन. तिला त्रास होऊ नये म्हणून भांडेन. यापुढचं मला सांगता येत नाही."

मनकर्णाबाईने मान हलवली. घरी जाऊन तिने नवऱ्याला हे जसंच्या तसं सांगितलं. नानासाहेब बीड बायपासच्या एका मंगल कार्यालयावर वॉचमन होते आणि वकिलांविषयी त्यांची मतं पक्की होती.

"फुकटची वकील म्हंजी मांडवातला चहा," ते म्हणाले. "गरम असतोय. दूध नसतंय."

*

राजेंद्र घरी आला. मिठाईचा पुडा घेऊन आला, खुर्ची दिली तर खाली सतरंजीवर बसला. त्याचं म्हणणं सोपं होतं. भरपाई द्यायला कंपनी तयार आहे. कागदावर जी जखमी आहे तिने सही करायची. सोनियाने सही करावी, चेक सोनियाच्या नावाने निघेल, घरचा मामला आहे, घरातच राहील. "काय भाभी, नाम में क्या उलझना," तो म्हणाला, आणि नानासाहेबांनी मान डोलावली.

मंगळवारी तिने स्वरदाला विचारलं. स्वरदा म्हणाली की खोट्या नावाचा समझोता ती करणार नाही. तोच करायचा असेल तर अडवणारही नाही, पण दुसरा वकील बघावा लागेल. ती रागावली नव्हती. तिने पाण्याचा ग्लासही पुढे केला.

मनकर्णाबाईने ग्लास धरायला सवयीने उजवा हात पुढे केला, मागे घेतला, डावा पुढे केला.

"बोटं माझी गेली," ती म्हणाली. "ती सोनियाच्या नावावर कशी टाकू? तिची तर हायेत."

*

पिशोरला राजेंद्र आधीच जाऊन आला होता. पोलीस केस होईल, कागद देणारीही आत जाते, असं तो कृष्णाला सांगून गेला होता. कृष्णाने भावजयीला पाणी विचारलं, मोठ्या भावाची तब्येत विचारली आणि मग ट्रॅक्टरखाली शिरला तो बाहेर आलाच नाही. नुसतेच त्याचे पाय दिसत राहिले.

सोनिया हौदावर अद्रक धूत होती. मनकर्णाबाई शेजारी बसली आणि डाव्या हाताने धुऊ लागली. बराच वेळ दोघी कामाचंच बोलल्या. भाव पडलाय, पाणी बरंय, प्रणय यंदा दहावीला. मग सोनियाने जावेचा उजवा हात पदरातून काढून स्वतःच्या ओल्या हातात घेतला आणि बघितला. आतापर्यंत घरातल्या कुणी तो बघितला नव्हता. सगळे बघायचं टाळत होते.

"आक्का, एक इचारू? तिथं तुला माझ्या नावानं हाका मारत्यात का?"

"व्हय."

"कशा?"

मनकर्णाबाईला प्रश्न कळला नाही.

"म्हंजी, कसं म्हणत्यात? रागानं का कसं?"

"रागानंबी. ए सोनिया, मान वर काढ की. सोनिया, लोणचं आणलं का. सोनिया, चल, गेट लावतील." ती थांबली. "लक्ष्मीबाई व्हती शेजारच्या प्रेसवर. ती 'सोनू' म्हणायची."

सोनिया हसली. हसताना तिने ओलं मनगट तोंडावर धरलं.

"मला हितं कुणीच म्हणत नाय," ती म्हणाली. "लग्न झालं तवा कृष्णाची बायको, आता प्रणयची आई. तू बी 'अगं'च म्हणती."

मनकर्णाबाईला ते खरंच आठवलं. या बाईचं नाव तिने इतकी वर्षं वापरलं होतं, पण त्या नावाने तिला कधी हाक मारली नव्हती.

"मी येते," सोनिया म्हणाली. मग ट्रॅक्टरखालच्या पायांकडे बघून जरा मोठ्याने, "त्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे. त्यो ठेकेदार, औट घटकेचा शिराळशेट, येऊन गेला म्हणून मी घाबरू का."

ट्रॅक्टरखालून पान्हा पडल्याचा आवाज आला.

*

कामगार न्यायालयात पंखा होता, पण तो कंपनीच्या वकिलांच्या बाजूला. स्वरदाने सोनियाला बाहेर बाकावर बसवलं होतं. मनकर्णाबाई आत, मागच्या भिंतीशी. सकाळपासून दुसऱ्यांचीच प्रकरणं चालली होती आणि पेंगून तिची मान खाली जाऊ लागली होती.

पट्टेवाल्याने दारात उभं राहून पुकारा केला.

"सोनिया कृष्णा मोकासे!"

बाहेरून सोनिया आत आली. आणि भिंतीशी बसलेली मनकर्णाबाई उठली, मांडीवरची पिशवी तिने डब्यासारखी काखेत मारली आणि भरभर पुढे निघाली. साक्षीदाराच्या पिंजऱ्यापाशी दोघी एकदमच पोचल्या.

कंपनीचे वकील हसले. "साहेब, एक मागितली तर दोन हजर."

स्वरदाने डोळे मिटले. प्रकरण इथेच बुडालं असं तिला वाटलं.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. सोनिया कोण, असं विचारलं. मी, सोनिया म्हणाली. मग ते दुसरीकडे वळले.

"तुम्ही का आलात पुढे?"

"पुकारलं म्हणून."

"तुमचं नाव पुकारलं नाही."

"व्हय साहेब," मनकर्णाबाई म्हणाली. आपण कुठे उभ्या आहोत हे तिला आता कळत होतं आणि तिचा चेहरा उतरत होता. "पण उशीर झाला तर गेट लावून घेत्यात."

टाइप करणाऱ्याने वर बघितलं. हे सगळं घडलं तसं लिहून घ्या, न्यायाधीश म्हणाले. कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली, हे पढवलेलं आहे म्हणाले. तीही लिहून घेतली गेली.

मग सोनियाने हात दाखवले. कासारापुढे धरावेत तसे तिने ते धरले, आधी पालथे, मग उताणे. तुमचे कागद दुसऱ्याला देणं गुन्हा आहे हे माहीत आहे का, असं वकिलांनी विचारलं.

"आत्ता कळलं," ती म्हणाली. "आक्काला ठेकेदारानं मागितले, आक्कानं मला. आक्काला नाय म्हणायची आमच्यात रीत नाय."

*

निकाल पावसाळ्यानंतर लागला. प्रेसवर जखमी झालेली कामगार मनकर्णाबाई नानासाहेब मोकासे हीच आहे, असं त्यात लिहिलं होतं. सोनियाला पुढे कुणी काही विचारलं नाही. नानासाहेबांनी निकालाची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याशेजारी ठेवली आणि चहाबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत.

पण निकालाच्या कितीतरी आधी, साक्ष झाली त्याच आठवड्यात, राजेंद्र स्वतः गेटवर उभा राहिला होता. त्याने नावं पुकारली नाहीत. तोंडं बघितली. ज्यांचं तोंड पासवरच्या फोटोशी जुळलं नाही त्या बायकांना बाहेरच्या बाहेर परत पाठवलं. त्यांत लक्ष्मीबाई होती.

मनकर्णाबाई तिला दोनदा भेटायला गेली. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं.

"तुझं झालं," लक्ष्मीबाई उंबऱ्यातून म्हणाली. "आमचं काय?"

मनकर्णाबाईने मंगळवारचं सांगितलं, टेबल कुठे आहे ते सांगितलं, बाईला दाखला लागत नाही तेही. मंगळवारी ती रिक्षा घेऊन दारात उभी राहिली. लक्ष्मीबाई आली. वाटभर बाहेर बघत होती. क्रांती चौकात रिक्षा वळताना तोल गेला तेव्हा तिने मनकर्णाबाईचा उजवा हात धरला, काय धरलं ते कळलं तरी सोडला नाही.

स्वरदाने कोरा कागद ओढला.

"नाव?"

"लक्ष्मीबाई," मनकर्णाबाईने मदतीच्या भरात सांगून टाकलं.

"तिला काय म्हाईत," शेजारून आवाज आला. "लक्ष्मीबाई माझी नणंद. मी कौसल्या. कौसल्या लिहा."

मनकर्णाबाईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितलं.

"काय?" कौसल्या म्हणाली.

"काय नाय."

*

कामाच्या पहिल्या दिवशी गेटवर नाव विचारलं तेव्हा मनकर्णाबाईने खरं नाव सांगितलं होतं. वॉचमनने गळ्यातला पास वाचला आणि 'सोनिया' असं पुकारून तिला आत सोडलं.